वाकळ आणि चीवर

कोल्हापूर, सांगली व सातारा या भागांत जुन्या वस्त्रांच्या तुकड्यांपासून शिवलेल्या पांघरुणास वाकळ म्हणतात. पुणे-नाशिककडे व मराठवाड्यात तिलाच गोधडी म्हणतात. सीमेपलीकडे बेळगाव-धारवाडच्या कानडी मुलखात तिची कौदी होते. चार पदरांच्या पांघरुणास मराठीत चौघडी असाही एक जुना शब्द आहे. नाव कोणतेही असो, ही वस्तू आमच्या वाचकांना नवीन नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण आजीच्या किंवा आईच्या हातच्या वाकळेतच गेले आहे. आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरांतून, चार पैसे हाती येताच, प्रथम बाहेर पडलेली वस्तूही वाकळच आहे.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला वाकळ पाहताना विनयपिटकातील चीवरक्खंधकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तुकडे जोडून केलेल्या वस्त्राचा इतका बारकाईने विचार दुसऱ्या कोणत्या प्राचीन भारतीय ग्रंथात आमच्या पाहण्यात नाही. म्हणून प्रस्तुत लेखात वाकळ कशी घडते हे आधी सांगून, विनयातील वस्त्रविद्येशी तिची तुलना करावी आणि वाकळ ही दैन्याची खूण मानावी काय, या प्रश्नाकडे अखेरीस वळावे, असा आमचा विचार आहे.

वाकळेची घडण

वाकळ एका दिवसात होत नाही. तिची तयारी वर्षभर चालते. विरलेले लुगडे, कोपरावर फाटलेला सदरा, मुलांना तोकडी झालेली झबली, धोतराचे पान, शिंप्याकडून आणलेले कातरण, असे सर्व काही एका गाठोड्यात साठत जाते. सुगी संपून उन्हाळा लागला की हे गाठोडे सोडले जाते. उन्हाळाच का, याचे कारण साधे आहे. साठवलेले कापड धुऊन कडक उन्हात वाळवावे लागते, आणि अंगणात वाकळ अंथरून बसण्याइतकी सवडही शेतावर राबणाऱ्या स्त्रीस याच दिवसांत मिळते.

पहिले काम निवडीचे. शिवणी उसवून, गुंड्या व हूक काढून कापड सपाट केले जाते. जाड शिवणीचा भाग आत राहिला तर तेथे गाठ होते आणि निजणाऱ्याला ती रुतते. शिंप्याकडचे कोरे कातरण असेल तर ते आधी भिजवून घ्यावे लागते. अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटते आणि सबंध वाकळ आखडते. सुती कापडाला पसंती असते. नायलॉन-टेरिलिनचे तुकडे निसरडे असल्याने पदरांत सरकतात, घाम शोषत नाहीत आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळतात.

वरच्या व खालच्या पदरासाठी त्यातल्या त्यात धड वस्त्र राखून ठेवतात. नऊवारी लुगडे सुमारे ८ मीटर लांब असते. त्याचे दोन-दोन मीटरांचे चार तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले की एकाच लुगड्यातून वाकळेच्या दोन्ही बाजू निघतात. काठ असतील तर ते बहुधा कडेला येतील असे पाहिले जाते, कारण काठाचे विणकाम घट्ट असते व वाकळ प्रथम झिजते ती कडेलाच.

खालचा पदर सारवलेल्या जमिनीवर ताणून अंथरतात आणि त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर तुकड्यांचे थर बसू लागतात, आणि खरे कौशल्य दिसते ते येथेच. दोन तुकड्यांमध्ये फट राहिली तर तेथे थंडी शिरते. एकमेकांवर ते फार चढले तर तेथे उंचवटा होतो. म्हणून एक-दोन बोटांपुरतीच कड दुसऱ्या तुकड्यावर घेतात. एका थरातील सांध्यावर दुसऱ्या थराचा सांधा येऊ दिला जात नाही. गवंडी विटांचे सांधे चुकवतो, तसाच हा प्रकार आहे. मग वरचा पदर घालून मध्यभागातून व कर्णरेषेवर लांब लांब कच्चे टाके घालतात, म्हणजे थर जागचे हलत नाहीत.

यानंतर धावदोरा. जाड सुईत दुहेरी दोरा ओवून, कडा आत दुमडून, कडेपासून सुरुवात होते. टाक्यांची एक ओळ झाली की तळहाताने कापड पुढे सारून सपाट करायचे आणि बोटभर अंतर सोडून दुसरी ओळ धरायची. हात फिरवण्याचे हे काम चुकले तर आतल्या थरात चुणी पडते आणि ती टाक्यांत कायमची अडकते. ओळी फार विरळ असतील तर धुताना आतले तुकडे गोळा होतात. फार दाट असतील तर वाकळ फळीसारखी ताठ होते. हे अंतर मोजपट्टीने ठरत नाही. शिवणारीच्या बोटांना ते ठाऊक असते.

वाकळ ऊब देते ती थरांमध्ये अडकून राहणाऱ्या हवेमुळे. आणि ती टिकते ती टाक्यांमुळे. विरलेले कापड एकटे असेल तर थोड्या ताणानेही फाटते. परंतु तेच कापड शेकडो टाक्यांनी आठ-दहा तुकड्यांशी बांधले गेले की ताण कोणा एकावर पडत नाही. तो सर्वांत वाटला जातो. निरुपयोगी ठरलेल्या, एकेकट्या काहीच न सोसणाऱ्या चिंध्या एकत्र येऊन वीस-वीस वर्षे ओझे सोसतात, ते या कारणाने.

विनयातील वस्त्रविद्या

आता विनयपिटकाकडे वळू. महावग्गाच्या आठव्या खंधकात अशी कथा आहे की, भगवान बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चारिका करीत असता त्यांच्या दृष्टीस मगधातील शेते पडली. चौकोनी वाफे, लहानमोठे बांध, मधून गेलेले आडवे-उभे पाट. त्यांनी आनंदास विचारले, भिक्खूंसाठी अशा आकाराचे चीवर करता येईल काय? आनंदाने ते करून दाखविले. तेव्हा थोडक्यात सांगितलेले विस्ताराने समजून घेतल्याबद्दल बुद्धांनी त्याची संघासमोर प्रशंसा केली. लांब पट्टी ती कुसि, अर्धी पट्टी ती अड्ढकुसि, मोठा चौकोन ते मंडल, लहान तो अड्ढमंडल, मानेजवळचा जाड केलेला भाग गीवेय्यक, पोटरीजवळचा जंघेय्यक, अशी प्रत्येक भागाची नावे तेथे दिली आहेत. पन्हाळा-राधानगरीच्या बाजूस भातखाचरांचे बांध उंचावरून पाहिले, तर ही रचना कशावरून सुचली असेल हे सहज ध्यानात येते.

वस्त्र मुद्दाम कापून मग जोडावे, असे विधान का केले गेले? विनयाचे उत्तर व्यवहारी आहे. कापलेल्या वस्त्राची बाजारातील किंमत उतरते. त्यामुळे ते श्रमणास शोभते आणि चोरालाही त्याचा मोह पडत नाही. त्याबरोबरच कापडाचा लहान तुकडाही वाया जात नाही, हा लाभ आहेच.

याच खंधकात तीन चीवरांचा नियम कसा ठरला हे सांगितले आहे. भिक्खूंनी चीवरांची गाठोडी डोक्या-खांद्यावरून वाहून नेलेली बुद्धांनी पाहिली. मग वैशाली येथे गोतमक चैत्यापाशी, ऐन हिवाळ्यात, रात्री ते स्वतः उघड्यावर बसले. प्रथम अंगावर एकच वस्त्र होते. पहिला प्रहर सरता थंडी वाजली तेव्हा दुसरे, मध्यरात्रीचा प्रहर सरता तिसरे, आणि पहाटे चौथे त्यांनी पांघरले. थंडी सोसण्यास चार पदर पुरतात, हे असे अनुभवाने ठरले. आणि दुपदरी संघाटी, एकेरी उत्तरासंग व एकेरी अंतरवासक अशी त्रिचीवराची अनुज्ञा झाली. पदरांची बेरीज चारच होते. संघाटी हा शब्दही जोडणे, एकत्र आणणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे.

याहून महत्त्वाचा नियम पुढे येतो. कापड नवे असेल तर संघाटी दुपदरी करावी. पण ते जुने, विरलेले असेल तर संघाटी चौपदरी व इतर दोन वस्त्रे दुपदरी करावीत. आणि पांसुकूल म्हणजे टाकलेल्या चिंध्यांचे असेल तर हवे तितके पदर घ्यावेत. जितके कापड जीर्ण, तितके थर अधिक, हाच वाकळेचा पाया आहे. कोल्हापूरच्या खेड्यातील निरक्षर स्त्री ज्या तत्त्वाने आतले थर वाढवते, तेच तत्त्व विनयधरांनी नियम म्हणून नोंदवले. त्याच जागी ठिगळ लावणे, टाके घालणे, कड दुमडणे आणि कमकुवत जागा बळकट करणे यांचीही अनुज्ञा आहे. यांपैकी टाके घालण्यासाठी पालीत तुन्न हा शब्द आहे. शिंप्यास तुन्नवाय म्हणत. फाटलेले वस्त्र दोऱ्याने भरून काढण्यास मराठीत तुणणे म्हणतात, तो याच कुळातला शब्द होय.

चुल्लवग्गात शिवणकामाच्या साधनांचा इतिहास आहे. आरंभी भिक्खू हाताने कापड फाडीत आणि पिसाने किंवा बांबूच्या कामटीने शिवीत. शिवण वेडीवाकडी होई. तेव्हा कापण्यास लहान सुरी आणि शिवण्यास सुई यांची अनुज्ञा मिळाली. सुया गंजू लागल्या म्हणून सुईची नळी आली. टाके वाकडे जाऊ लागले म्हणून खुणेचा तात्पुरता दोरा आला. आपले कच्चे टाके या मोघसुत्तकाचेच भाईबंद आहेत. बोटाला सुई टोचू लागली म्हणून अंगुस्तान आले, मात्र ते सोन्यारुप्याचे नसावे अशी अट पडली. कापड ताणून धरण्यास लाकडी चौकट आली. तिचे नाव कठिन. वर्षावासानंतर ज्या कठिन चीवरदानाचा सोहळा आपण विहारांतून करतो, त्याचे नाव या चौकटीशी निगडित आहे. मिळालेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून तयार करायचे असल्याने सर्व संघ एकत्र बसून शिवण करी. दान घेणे जसे त्यात होते, तसे हातांचे कामही होते.

ही परंपरा दूरवर गेली. जपानमध्ये नारा येथील शोसो-इन या प्राचीन भांडारात सम्राट शोमू यांचे सात पट्ट्यांचे चीवर जतन केलेले आहे. ते इसवी सन ७५६ मध्ये तोदाइ-जी या विहारास अर्पण झाले. अनियमित आकाराचे तुकडे एकमेकांवर ठेवून सबंध वस्त्रभर धावदोरा घालून ते शिवलेले आहे. कापड रेशमी असले तरी करणी वाकळेचीच. राजानेही वस्त्र निवडले ते चिंध्यांच्या घडणीचे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

शेवटच्या धाग्यापर्यंत

कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदास पाचशे चीवरे दिली, तेव्हा राजा रागावला. हा श्रमण कापडाचे दुकान मांडणार की काय, अशी त्याची शंका. त्याने आनंदास गाठून एकामागून एक प्रश्न विचारले. इतक्या चीवरांचे काय करणार? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जीर्ण चीवरांचे? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरण्याची बसकरे. जुन्या बसकरांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झाडण्याची फडकी. आणि जुन्या फडक्यांचे? ती कुटून, चिखलात मळून जमीन लिंपू. हे भिक्खू काहीच वाया घालवीत नाहीत हे पाहून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आमच्या वाचकभगिनींना या क्रमात काहीच नवल वाटणार नाही. लुगडे विरले की त्याची वाकळ होते. वाकळ फाटली की तिच्यावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ, आणि अगदीच गेली की ती नव्या वाकळेच्या पोटात जाते. तिचा धड तुकडा बाळाच्या पाळण्यात येतो. उरलेले पोतेरे होऊन अखेर सारवणाच्या शेणमातीत संपते. दोन हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने आनंदाचे उत्तर आणि आपल्या आज्यांचा व्यवहार एकच आहे.

जुन्या कापडाचा आणखी एक गुण विनयाबाहेर, संयुत्तनिकायात, आला आहे. तुकड्यांची संघाटी महाकस्सपांनी चौघडी करून बुद्धांना बसण्यास अंथरली. ती किती मऊ आहे असे बुद्ध म्हणाले, तेव्हा महाकस्सपांनी ती त्यांनाच दिली व त्यांचे जीर्ण तागाचे पांसुकूल आपण घेतले. धुऊन धुऊन विरलेल्या कापडास जो मऊपणा येतो तो कोऱ्या कापडास येत नाही. तान्ह्या बाळास प्रथम जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतात ते याचसाठी.

चिंधी स्वेच्छेची आणि चिंधी सक्तीची

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, चिंध्यांचा एवढा गौरव कशाला? चिंध्या आमच्या पूर्वजांनी हौसेने पांघरल्या नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि त्यास उत्तर दिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी मृतांची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे अलंकार घालावेत असा दंडक आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मृताच्या अंगावरील कापड हा महारांचा हक्क म्हणून सांगितला जाई. अपमानास हक्काचे नाव देण्याची ही रीत. विशुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी पांसुकूलाचे तेवीस प्रकार दिले आहेत, आणि त्यांतील पहिला प्रकार सोसानिक, म्हणजे स्मशानातून उचललेले वस्त्र, हाच आहे. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईहून प्रसिद्ध झाली. तीत वाचकांस ही यादी पाहता येईल. कापड तेच, स्मशान तेच. मग भिक्खूच्या अंगावर ते व्रत का ठरले आणि आपल्या पूर्वजांच्या अंगावर कलंक का?

फरक आहे तो स्वेच्छेचा. जीवकाने उत्तम वस्त्र अर्पण केले तेव्हा बुद्धांनी सांगितले की, ज्याची इच्छा असेल त्याने पांसुकूल वापरावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थाने दिलेले चीवर स्वीकारावे. पुढे देवदत्ताने पाच मागण्या मांडल्या. भिक्खूंनी आजन्म पांसुकूलच वापरावे, ही त्यांपैकी एक. बुद्धांनी ती मान्य केली नाही. जो माणूस स्वतः चिंध्यांची वस्त्रे अंगावर घेत होता, त्याने चिंध्यांची सक्ती नाकारली. देवदत्त आणि मनू यांचे हेतू भिन्न असतील. परंतु दुसऱ्याच्या अंगावर काय असावे हे आपण ठरवावे, ही वृत्ती दोघांतही आहे.

कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ साली महार वतने बंद करून या गावगाड्याच्या मुळावर घाव घातला, आणि २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भूमीवर उभे राहिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. ते पुष्कळांना आठवते ते लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी व अंगावरील कथलाच्या दागिन्यांविषयी. परंतु त्यात त्यांनी असेही सांगितले की, वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ मात्र असावे. आणि कोणते वस्त्र ल्यावे या तुमच्या स्वातंत्र्यावर बंधन घालण्याचा अधिकार कोणास नाही. ठिगळ आणि गुलामी या दोन गोष्टी बाबासाहेबांनी येथे स्पष्टपणे वेगळ्या केल्या. त्याज्य ती गुलामी. ठिगळ हे हाताचे काम आहे.

या दृष्टीने पाहिले असता वाकळ कोणत्या बाजूस पडते? मढ्यावरचे कापड लादलेले होते. वाकळ कोणी लादलेली नव्हती. दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर राबून आलेल्या बाईने, आपल्या लेकरांना थंडी वाजू नये म्हणून, स्वतःच्या बुद्धीने ती घडवली. दारिद्र्य हे तिचे कारण असेल, पण तिची घडण दारिद्र्याने केलेली नाही. कापडाची पारख, मापाचा अंदाज, ताणाची जाण आणि रंगांची संगती या सर्व गोष्टी तिच्यात आहेत. आनंदास जी प्रशंसा मिळाली ती याच गुणांसाठी. आपल्या आज्यांना ती कोणी दिली नाही.

म्हणून ज्यांनी वाकळ टाकली त्यांस आम्ही दोष देत नाही. ज्या वस्तूशी हालांची आठवण बांधली गेली ती नजरेआड करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. त्याचबरोबर, कोणी हौसेने गरिबीचे कौतुक करावे हेही आम्हांस मान्य नाही. नवे ब्लँकेट घेण्याचा अधिकार आपण मिळवला आहे, आणि तो मिळवलेला असल्यामुळेच आता वाकळेकडे न लाजता पाहता येते. आज शहरी बाजारात हाताने शिवलेल्या गोधडीस चांगली किंमत येते. ती विद्या ज्यांच्या घरची, त्यांच्याच मुलींना टाका माहीत नसावा, ही स्थिती बदलण्याजोगी आहे.

काम अवघड नाही. विहारांतून वर्षावासात ग्रंथवाचनासाठी स्त्रिया एकत्र जमतात. वाचनानंतरचा एखादा तास गाठोडे सोडण्यास देता येईल. ज्येष्ठ स्त्रियांनी थर लावून दाखवावेत, तरुण मुलींनी धावदोरा धरावा, आणि कोणीतरी वही घेऊन त्या बोलतील ते शब्द लिहून घ्यावेत. टाक्यांची नावे, कापडांची नावे, कोणती वाकळ कोणाच्या लुगड्याची, हे सारे आज केवळ स्मरणात आहे. विनयधरांनी कुसि आणि अड्ढकुसि हे शब्द जपले म्हणून आनंदाचे चीवर आजही शिवता येते. आपल्या वाकळेसाठी तेवढे तरी आपण करावे, अशी वाचकांस विनंती आहे.